चिठ्ठीवर नाव नसतं

ओतूरच्या कांदा बाजारात, एका अडत्याच्या गाळ्यावर, एक तरुण दिवाणजी कामाला होता. १९८० नंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. लिलाव उरकला की त्याचं काम सुरू व्हायचं. शेतकऱ्याचं नाव, गोण्या किती, वजन किती, भाव काय निघाला, हे सगळं तो पट्टीवर उतरवायचा. मग हमाली वजा, तोलाई वजा, अडत वजा, गाडीभाडं वजा. खाली उरेल तो आकडा शेतकऱ्याच्या हाती. अक्षर सुरेख होतं त्याचं. अडाणी म्हातारासुद्धा पट्टी हातात घेऊन म्हणायचा, "दिवाणजी, वाचता येत नाही, पण बघायला बरं वाटतं."

या दिवाणजीला लिहिण्याचं वेड होतं. गावच्या वाचनालयात दिवाळी अंक आले की तो एकेक अंक घरी नेऊन रात्ररात्र वाचत बसायचा. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठीत नव्यानं लिहिणाऱ्याचे डोळे दिवाळी अंकाकडेच लागलेले असतात. याचेही लागले होते. अनुक्रमणिकेत आपलं नाव असावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तो कथा लिहायचा. स्वच्छ अक्षरात नक्कल काढायचा. संपादकांचा नियम असे, की स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं. तेही तो न चुकता जोडायचा. काही आठवड्यांनी तेच पाकीट परत यायचं. आपल्याच अक्षरातला आपलाच पत्ता पोस्टमनच्या हातात दिसला, की पाकीट न फोडताच त्याला कळायचं. आत कथा, आणि कथेला टाचणी लावलेली छापील चिठ्ठी: 'साभार परत.'

पहिल्यांदा त्याला वाटलं, चुकून झालं असेल. मग वाटायला लागलं, की हे लोक ओळखीपाळखीशिवाय कुणाचं छापतच नाहीत. चारचौघांत तो तसं बोलूनही दाखवू लागला. आणि मग एका पावसाळ्यात, एकाच आठवड्यात दोन पाकिटं परत आली, तेव्हा त्याच्या मनानं तिसरंच घेतलं: दोष त्यांचा नाही, आपल्याला लिहिताच येत नाही.

त्याच सुमारास अडत्यानं त्याला जुन्नरला पाठवलं. नव्या हंगामासाठी पट्टीची पुस्तकं छापून घ्यायची होती. छापखाना लहानसा. एक ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या केसा, लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची हँडबिलं. तिथं खिळे जुळवायला एक म्हातारे कंपोझिटर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी पुण्यातल्या छापखान्यांत काढली होती. पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक असं बरंच काही त्यांच्या बोटांखालून गेलं होतं.

पट्टीचा मजकूर देऊन झाल्यावर दिवाणजीनं पिशवीतून कथांचा गठ्ठा काढला.

"नाना, रद्दी घेता का? पाठकोरे कागद आहेत. प्रुफं काढायला होतील."

नानांनी वरचं पान उचललं. चष्मा पुसला. "वाचून मग घेतो," म्हणाले. "पुस्तकं न्यायला येशील तेव्हा ये. सांगतो काय ते."

पुस्तकं न्यायला दिवाणजी गेला तेव्हा नाना छापून झालेल्या एका लग्नपत्रिकेचं पान सोडवत बसले होते. एकेक खिळा उचलायचा आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. क कच्या खणात, म मच्या खणात. बोलता बोलता हात थांबत नव्हता.

त्यांनी आधी एक जुना कागद पुढं केला. छोटी चिठ्ठी. दिवाणजीनं ओळखली. त्याच्याकडं अशा पुष्कळ होत्या.

"ही मी पुण्यात असताना जुळवलीय," नाना म्हणाले. "एका मासिकाची. गठ्ठ्यानं छापायचो. वर्षभर पुरतील एवढ्या. आता मला सांग, मी ही जुळवली तेव्हा मला तुझं नाव ठाऊक होतं का?"

"नाही."

"तुझी कथा तरी लिहून झाली होती का?"

"तेव्हा मी शाळेतसुद्धा नसेन, नाना."

"मग ही चिठ्ठी तुझ्याविषयी काय सांगणार? ही तू लिहायला लागायच्या आधीची. हिच्यावर नाव नसतं. या अंकात ही कथा घेता येत नाही, एवढंच ती सांगते. कधी कथा कच्ची असते, कधी चांगली असूनही अंक भरलेला असतो, कधी त्या संपादकाला ती भावत नाही. तू मात्र त्या चिठ्ठीवर आपल्या हातानं आपलं नाव घातलंस आणि खाली लिहिलंस, की याला लिहिता येत नाही. ते लिहायला तुला कुणी सांगितलं होतं?"

दिवाणजी गप्प बसला. त्याला थोडं हलकं वाटलं. पण नाना तिथं थांबले नाहीत.

"आता कथांबद्दल. मनाला लागेल, पण ऐक. यातली मुंबई मी कितीतरी वेळा जुळवलीय. तो समुद्र, तो गॅलरीत उभा राहिलेला नायक, ती पत्र जाळणारी बाई. त्या शब्दांची माझ्या बोटांना सवय झालीय. ज्यांनी ते पहिल्यांदा लिहिलं, त्यांनी बघून लिहिलं. तू वाचून लिहिलंस. मुंबईला किती वेळा गेलास?"

"मामाकडं, लग्नाला."

"हां. पण हे बघ." नानांनी गठ्ठ्यातून एक पान वेगळं काढलं. त्या कथेत नायक गावाकडं येतो, बाजारातून जाता जाता एक म्हातारा शेतकरी त्याला दिसतो, आणि कथा पुन्हा मुंबईला निघून जाते. म्हाताऱ्याला जेमतेम चार ओळी दिलेल्या होत्या. सगळी वजावट होऊन पट्टीवर काहीच उरलेलं नसतं. म्हातारा पट्टी उलटी करतो आणि मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते बघतो.

"आजवर इतकी पानं जुळवली," नाना म्हणाले, "पण हे मी कधी जुळवलं नव्हतं. हे कुठून आलं?"

"ते खरंच झालं होतं. मीच लिहिली होती ती पट्टी."

"मग चार ओळींत का उरकलंस?"

दिवाणजीला उत्तर देता आलं नाही. गाळ्यावरचं जगणं कथेत घालायच्या लायकीचं असतं, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

नानांनी समोरच्या खिळ्यांकडं बोट दाखवलं. "हे बघ, पत्रिका छापून झाली, आता हे पान मोडतोय. कुणाला वाटेल, एवढी मेहनत वाया गेली. पण खिळा वाया जात नाही. आत्ता लग्नात होता तोच उद्या दुसऱ्या कुणाच्या पानात उभा राहील. तुझी कथाही अशीच सोडव. मुंबई काढ. शब्द, वाक्याची बसकण, माणसाचं बोलणं टिपायची सवय, एवढी वर्षं लिहून जे हाताला लागलंय ते तुझ्याकडंच राहतंय. त्यातून म्हाताऱ्याचं पान नव्यानं जुळव."

मग ते उठले आणि कपाटातून एक जाड ग्रंथ घेऊन आले. राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९६९ साली काढलेलं, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं महात्मा फुले समग्र वाङ्मय.

"जोतीरावांचं लिहिणंही परत आलं होतं, ठाऊक आहे?" नाना म्हणाले. "१८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. वय अठ्ठावीसच्या आसपास. अडाणी शेतकऱ्याला जोशी कसा नाडतो आणि विद्येशिवाय त्यातून सुटका कशी नाही, हे त्यात होतं. पुण्यात दक्षिणा प्राइज कमिटी होती, चांगल्या मराठी पुस्तकांना मदत करणारी. तिच्याकडं नाटक दिलं. कमिटीनं घेतलं नाही. जोतीरावांच्या हयातीत ते छापून निघालंच नाही. परवा परवा, १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये आलं. सव्वाशे वर्षं होत आली होती तोवर."

"मग त्यांनी काय केलं?"

"लिहीत राहिले. १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा काढला. १८७३ साली 'गुलामगिरी'. मग 'शेतकऱ्याचा असूड' लिहायला घेतला. 'दीनबंधू' पत्रानं त्याचे पहिले दोन भाग छापले आणि पुढं थांबवलं. ते पत्र तर त्यांच्याच सत्यशोधक चळवळीतल्या माणसांचं. परक्यानं नाकारलं तर राग येतो, आपल्यानं नाकारलं की हात गळून जातात. त्यांचे गळले नाहीत. १८८३ साली असूड पुरा केला. आणि छापणारा मिळायची वाट न बघता तो लोकांना वाचून दाखवला. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, हडपसरला. बडोद्याला सयाजीराव महाराजांपुढंही वाचला. आणि पोरा, इथं जुन्नरला वाचला, तुझ्या ओतूरला वाचला. प्रस्तावनेत गावांची नावं आहेत, हे बघ."

दिवाणजीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. रोज ज्या गावात तो पट्ट्या लिहीत होता, त्याच गावात, शेतकऱ्यासाठी लिहिलेलं पुस्तक लोकांना वाचून दाखवलं गेलं होतं.

"त्यांचं नाकारलं गेलं ते कच्चं म्हणून नाही," नाना पुढं म्हणाले. "त्यातलं खरं सोसलं नाही म्हणून. तुझं परत आलं ते अजून खरं झालं नाही म्हणून. दोन्ही नकार सारखे नाहीत, आणि आपला कुठला हे स्वतःशी खोटं न बोलता ठरवावं लागतं. पण दोन्हीवर करायचं काम एकच. जा, तूही वाचून दाखव. ज्यांच्याविषयी लिहिशील त्यांनाच."

त्या रात्रीपासून दिवाणजी म्हाताऱ्याची कथा लिहायला बसला. लिलावाच्या आदल्या रात्री लांबलांबच्या वाड्यांचे शेतकरी कांदा घेऊन गाळ्याच्या पडवीत मुक्कामाला येत. हमालही तिथंच पथारी टाकत. जेवणं झाल्यावर दिवाणजी गाळ्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "एक गोष्ट लिहिलीय. ऐकता का?"

ऐकणारे कामानं थकलेले होते. त्यांना त्याचं मन राखायचं कारण नव्हतं. सुरुवातीला त्यानं सूर्यास्ताचं लांबलचक वर्णन घातलं होतं. तेवढ्यात एक जण उठून पांघरूण आणायला गेला, दुसऱ्यानं जांभई दिली. दिवाणजीनं पेन्सिलीनं कडेला खूण केली. पण म्हाताऱ्याच्या कांद्याचं वक्कल लिलावात पुकारलं गेलं आणि पडवीतलं बोलणं थांबलं. भाव फुटला तसा कुणीतरी "मेला बिचारा" म्हणालं. म्हाताऱ्यानं पट्टी उलटी केली, तेव्हा कुणी काहीच बोललं नाही. कथा तिथंच संपत होती.

थोड्या वेळानं एका शेतकऱ्यानं विचारलं, "दिवाणजी, त्यो घरी जाऊन बायकोला काय सांगतो? ते नाही लिहिलं तुम्ही."

दिवाणजी त्याच्याकडं बघत राहिला. कथा तर पट्टीपाशी संपत नव्हतीच. खरी कथा घरच्या वाटेवर सुरू होत होती. गाडीभाड्यालाही पैसे पुरले नाहीत, हे माणूस घरी कोणत्या शब्दांत सांगतो? की सांगतच नाही? की वाटेत कुणाकडून उसने घेऊन बायकोच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "हे कांद्याचं"?

त्यानं कथा पुन्हा लिहिली. पुन्हा वाचून दाखवली. पुन्हा लिहिली. मग स्वच्छ नक्कल काढली, पाकिटाला पाकीट जोडलं आणि पाठवून दिली.

कथा परत आली.

दिवाणजीनं चिठ्ठी बघितली. तीच छापील. त्या रात्री त्यानं कथा पहिल्यापासून वाचली, दोन वाक्यं दुरुस्त केली आणि सकाळी दुसऱ्या मासिकाला पाठवली. तिथूनही ती परत आली. पण या वेळी छापील मजकुराखाली शाईनं एक ओळ होती: 'कथा चांगली. शेवटचं पान नको.'

त्याला वाईट वाटलं, कारण शेवटचं पान त्याचं सगळ्यात लाडकं होतं. त्या पानात शेतकऱ्याच्या दुःखावर त्यानं मनापासून लिहिलं होतं. तो जुन्नरला गेला. नानांनी शेवटचं पान बाजूला ठेवलं आणि उरलेली कथा मोठ्यानं वाचली. उसने पैसे बायकोच्या हातावर ठेवून म्हातारा म्हणतो, "हे कांद्याचं," आणि ती ते मोजत नाही. तिथं नाना थांबले.

"आता या पानाची गरज आहे?"

दिवाणजीनं मान हलवली. सांगायचं होतं ते आधीच सांगून झालं होतं.

"ज्यानं ही ओळ लिहिली त्याचे उपकार मान," नाना म्हणाले. "संपादकाच्या टेबलावर ढीग असतो. त्यातून तुझ्यासाठी त्यानं पेन उघडलं. असा नकार जपून ठेवावा."

पान काढून कथा तिसरीकडं गेली. तिथल्या संपादकांनी पत्र लिहून कळवलं, की शेतकऱ्याच्या तोंडची भाषा शुद्ध केलीत तर विचार करू. दिवाणजीनं यावरही विचार केला. एक प्रसंग शुद्ध भाषेत लिहून पाहिला आणि मुक्कामाच्या रात्री पडवीत वाचला. एक हमाल म्हणाला, "ह्यो म्हातारा आता मामलेदारावानी बोलाय लागला." लोक हसले. दिवाणजीनं संपादकांना नम्रपणे कळवलं, की भाषा बदलता येणार नाही. कथा परत आली. छापून येण्याची संधी हातची गेली. पण शेवटचं पान काढणं आणि म्हाताऱ्याची भाषा राखणं, हे दोन्ही निर्णय त्यानं एकाच कसोटीवर घेतले होते: यानं कथा खरी होते की खोटी?

पुढच्या दिवाळीत एका लहान अंकानं ती कथा घेतली. मानधन नव्हतं, अंकाची एक प्रत आली. अनुक्रमणिकेत नाव होतं. नानांनी ते पान बोटानं चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "जुळणी बरी आहे." गाळ्यावर अंक हातोहात फिरला. ज्यानं घरच्या वाटेचा प्रश्न विचारला होता त्या शेतकऱ्यानं कथा दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाला, "आता पुरी झाली."

त्यानंतर दिवाणजीनं नवी कथा लिहिली आणि पाठवली. ती परत आली.

इथं एखादा नवा लेखक दचकेल. एकदा नाव छापून आल्यावरही परत? हो, परत. आणि ही या गोष्टीतली महत्त्वाची बाब आहे. नकार हा काही एकदा ओलांडायचा उंबरठा नाही. लिहिणाऱ्याच्या आयुष्यात तो येतच राहतो. फरक दिवाणजीत पडला होता. पाकीट दिसल्यावर तो आता संपादकाला शिव्या देत नव्हता आणि स्वतःलाही नाही. तो कथा बाहेर काढायचा, पुन्हा वाचायचा, कुठं खोटं पडलंय ते शोधायचा, सापडलं तर दुरुस्त करायचा, नाही सापडलं तर जशीच्या तशी पुढं पाठवायचा. आणि ती टपालात असताना त्यानं दुसरी कथा लिहायला घेतलेली असायची.

पुढं जुन्नरचा छापखाना बंद झाला. खिळे गेले, संगणक आले. आता कथा टपालानं जात नाहीत, क्षणात जातात, आणि नकारही तेवढ्याच लवकर येतो. कित्येकदा येतच नाही, उत्तराची वाट पाहून पाहून तो आपणच समजून घ्यावा लागतो. तरी लिहिणाऱ्याचं काम बदललेलं नाही.

तात्पर्य असं, की 'साभार परत' कागदाला असतं, माणसाला नसतं. त्या चिठ्ठीवर आपलं नाव आपण घालू नये. चिकाटी म्हणजे तीच कथा तशीच दारोदार फिरवणंही नव्हे. परत आलेलं पुन्हा वाचावं, ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या कानावर घालावं, त्यांना जिथं जांभई आली ते काढावं, त्यांनी विचारलं ते लिहावं. कथा खरी करणारी सूचना कुणाचीही असो, घ्यावी. कथा खोटी करणारी कितीही मोठ्याची असो, नम्रपणे नाकारावी. छापणारा मिळाला नाही तर ऐकणारे शोधावेत. जोतीरावांनीही ऐकणारे शोधले होते. नकार येणं न येणं आपल्या हातात नाही, पुढचं पान मात्र लिहिणाऱ्याच्याच हातात आहे. तेव्हा परत आलेली कथा आज रात्रीच उघडा आणि कामाला लागा.